लॉरिऑनची मळी आणि अडाणीपणाचा आरोप

अथेन्सच्या आग्नेयेला साठेक किलोमीटरवर, ॲटिकाच्या टोकाशी, लॉरिऑनची कोरडी टेकाडे आहेत. इसवी सनापूर्वी ४८३ च्या सुमारास तिथल्या मारोनिया भागात खनिजाचा मोठा साठा हाती लागला. त्या उत्पन्नातून युद्धनौका बांधाव्यात हे थेमिस्टोक्लिसने अथेन्सवासीयांच्या गळी उतरवले आणि तीन वर्षांनी सॅलॅमिसच्या सामुद्रधुनीत इराणी आरमार हरले. इतकी हकिकत इतिहासाच्या पुस्तकांत असते. ती चांदी निघाली कशातून, हे मात्र बहुधा नसते. ती शिशातून निघाली. लॉरिऑनचे मुख्य खनिज गॅलेना, म्हणजे शिसे आणि गंधक यांचे संयुग. आपल्याकडे सुरमा म्हणून विकली जाणारी काळी, चकचकीत, जड पूड पुष्कळदा याच दगडाची असते. त्याच्या जोडीला सेरुसाइट हे शिशाचे कार्बोनेट सापडते. चांदी त्यांत अगदी नाममात्र. दगड फोडायचा, दळायचा, चाळायचा, धुवायचा, भट्टीत शिसे गाळायचे आणि शेवटी त्या शिशातून चांदी वेगळी करायची, असा तो लांबचा रस्ता होता.

या रस्त्याविषयी एक मत फार रूढ आहे: ही सारी पद्धत ओबडधोबड होती आणि ती राबवणारे अडाणी होते. मला हे मत चुकीचे वाटते. त्यात तंत्राचा गैरसमज आहे आणि माणसांवर अन्यायही आहे. पण खंडनाआधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडावा, ही आपल्या वादपरंपरेची शिस्त आहे. ती आधी पाळतो.

पूर्वपक्ष

पूर्वपक्षाचा पहिला साक्षीदार साधासुधा नाही. इसवी सनाच्या आरंभी लिहिणारा भूगोलकार स्ट्रॅबो सांगतो की, ॲटिकातल्या खाणी त्याच्या काळी संपत आल्या होत्या. खाणीतून फारसे काही निघेनासे झाले, तेव्हा लोकांनी जुनी मळी, म्हणजे धातू गाळल्यावर भट्टीत उरणारा टाकाऊ भाग, आणि टाकलेला माल पुन्हा भट्टीत घातला आणि त्यातूनही शुद्ध चांदी काढली. याचे कारण तो असे देतो की, आधीच्या कारागिरांना भट्टीचे काम नीट येत नव्हते.

दुसरी साक्ष एकोणिसाव्या शतकाची. १८६४ मध्ये सेर्पिएरी या इटालियन उद्योजकाने मार्सेच्या भांडवलदारांबरोबर लॉरिऑनला कंपनी काढली. तिने सुरुवातीला नवी खाण खोदलीच नाही, प्राचीन मळीचे ढीगच वितळवायला घेतले. त्या मळीत सुमारे दहा टक्के शिसे होते. पुढे धुण्याच्या ओट्यांजवळ टाकलेल्या गाळ-खड्यांच्या ढिगांवरही कंपनीने हक्क सांगितला. ग्रीक सरकारने १८७१ मध्ये कायदा करून ते ढीग राज्याच्या मालकीचे ठरवले, फ्रान्स आणि इटलीची सरकारे वादात उतरली आणि १८७३ मध्ये आंद्रेआस सिंग्रोस या सावकाराच्या पुढाकाराने कंपनी विकत घेतली गेली तेव्हा प्रकरण मिटले. ज्या उकिरड्यासाठी तीन देशांची सरकारे भांडली, तो मागे टाकणारे लोक कुशल कसे म्हणायचे, असा पूर्वपक्षाचा सवाल आहे.

तिसरा मुद्दा हत्यारांचा. हातोडा, दगडी पाट, हातजाते, चाळणी आणि उतरता ओटा, एवढीच ही सामग्री. पाणचक्की नाही, यंत्राची मुसळे नाहीत. चौथा मुद्दा गुलामगिरीचा. राबणारे हात फुकट मिळत असतील तर पद्धत सुधारण्याची गरज कोणाला पडेल?

चारही मुद्दे सकृद्दर्शनी वजनदार आहेत. आता एकेक तपासू.

मळीतले शिसे

आधी रसायन पाहू. भट्टीत शिशाचा काही भाग ऑक्साइडच्या रूपात वाळूतल्या सिलिकाशी संयोग पावतो आणि मळीत जातो. चांदीचे तसे होत नाही. ती ऑक्सिजनशी सहजासहजी संयोग पावत नाही. वितळलेल्या धातुरूप शिशात ती विरघळते आणि त्याच्याबरोबर भट्टीच्या तळाशी जमा होते. म्हणजे मळीत सिलिकेट होऊन अडकलेल्या शिशाबरोबर चांदी फारशी जात नाही. मळीत जे शिशाचे बारीक थेंब धातुरूपातच राहिले असतील, तेवढीच चांदी गमावली जाते. ‘मळीत दहा टक्के शिसे’ या वाक्याचा अर्थ ‘दहा टक्के चांदी वाया’ असा होत नाही. लॉरिऑनच्या कारागिराला हवी होती चांदी. शिसे त्याच्यासाठी चांदी गोळा करणारे वाहन होते.

आता हिशेब पाहू. ग्रीक धातुतज्ज्ञ कोनोफागोस यांनी लॉरिऑनचा आयुष्यभर अभ्यास करून १९८० मध्ये त्यावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. प्राचीन काळात तिथून सुमारे ३,५०० टन चांदी आणि १४ लाख टन शिसे निघाले असावे, असा त्यांचा अंदाज आहे. म्हणजे एका टन शिशामागे अडीच किलो चांदी. ॲरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या अर्थविषयक ग्रंथात पायथोक्लिस नावाच्या अथेन्सवासीयाची एक सूचना नोंदलेली आहे: राज्याने शिसे चालू भावाने, दोन ड्राक्मांना, विकत घ्यावे आणि सहा ड्राक्मांना विकावे. हा भाव एका टॅलेंटचा, म्हणजे सुमारे २६ किलोंचा, असे अभ्यासक मानतात. २६ किलो शिशात कोनोफागोस यांच्या प्रमाणाने ६५ ग्रॅम चांदी येते. अथेन्सचा ड्राक्मा सुमारे ४.३ ग्रॅमचा, म्हणून ती चांदी झाली पंधरा ड्राक्मांची. त्याच वजनाचे शिसे दोन ड्राक्मांचे.

या प्रमाणाने एक टन मळीत अडकलेल्या शंभर किलो शिशाची किंमत आठ ड्राक्मांपेक्षाही कमी भरते. एवढ्यासाठी टनभर मळी पुन्हा वितळवायची, तर कोळसा कुठून आणायचा? ॲटिकाचे डोंगर त्या काळीच उघडे पडले होते. प्लेटोने ‘क्रिटियास’ या संवादात त्यांना आजाराने खंगून हाडे उरलेल्या शरीराची उपमा दिली आहे. जिथे लाकूड दुर्मीळ, तिथे मळीतले स्वस्त शिसे सोडून देणे हा व्यवहारी निर्णय होता.

मग स्ट्रॅबो खोटे बोलतो का? नाही. त्याचे निरीक्षण खरे आहे, त्यातून काढलेला निष्कर्ष चुकला आहे. भर अमदानीनंतर साडेतीन-चारशे वर्षांनी तो लिहीत होता. तोवर खोल खाणीतला माल संपला होता आणि ढीग मात्र उघड्यावर पडून होते. खोदण्याचा खर्च शून्य झाला की जो माल आधी परवडत नव्हता तो परवडू लागतो. सोनारआळीतला झारेकरी दुकानातला केर घोळून त्यातून सोन्याचे कण काढतो. म्हणून सोनाराला दागिना घडवता येत नव्हता, असे कोणी म्हणत नाही.

१८६४ च्या कंपनीचेही तेच. तिच्याकडे आगबोटीने आलेले इंधन होते आणि नळ, रंग, बंदुकीच्या गोळ्या यांसाठी शिशालाच गिऱ्हाईक होते. प्राचीन अथेन्समध्ये ही बाजारपेठ नव्हती. शिवाय मागे राहिलेल्या मालावरून कौशल्य मोजायचे, तर एकोणिसाव्या शतकातले अभियंतेही नापास होतील. ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिलच्या शिसे-जस्ताच्या खाणीत वाफेची यंत्रे होती, प्रशिक्षित इंजिनियर होते, तरीही जस्ताने भरलेल्या टाकाऊ मालाचे डोंगर तिथे साठले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात फेसावर खनिज तरंगवून वेचण्याची पद्धत तिथेच विकसित झाली आणि त्या ढिगांची किंमत कळली. लॉरिऑनच्या लोकांनीही जस्ताचे खनिज हात न लावता सोडले होते, पुढे एका फ्रेंच कंपनीने ते काढले. पण जस्त भट्टीत वाफ होऊन उडून जाते. ते मोठ्या प्रमाणावर ऊर्ध्वपातनाने पकडण्याचे तंत्र राजस्थानातल्या झावरला साधले, ते त्यानंतर हजारांहून अधिक वर्षांनी. नंतर लागलेला शोध आधीच्यांच्या अडाणीपणाचा पुरावा होऊ शकत नाही.

चाळणी आणि सूप

आता हत्यारांकडे येऊ. माझ्या मते पूर्वपक्षाची सर्वांत मोठी चूक इथे आहे, कारण तो हत्यार पाहतो आणि त्यामागचा क्रम पाहत नाही.

गॅलेनाची घनता पाण्याच्या सुमारे ७.५ पट. त्याच्याभोवतीच्या चुनखडी दगडातल्या कॅल्साइटची २.७, गारगोटीची २.६५. एवढा फरक असताना पाण्याने ते वेगळे करणे सोपे वाटते. तसे ते नाही. पाण्यात कण किती वेगाने खाली बसेल हे घनतेवर ठरते तसेच आकारावरही ठरते. पाण्याने प्रत्येकाच्या वजनाचा काही भाग उचलून धरलेला असतो, म्हणून घनतेतून एक वजा करून तुलना करायची. गॅलेनाचे साडेसहा, गारगोटीचे १.६५, गुणोत्तर जवळजवळ चार. म्हणजे गारगोटीचा चौपट मोठा खडा आणि गॅलेनाचा लहान कण एकाच वेगाने तळाशी जातात. कण अगदी पिठासारखे असतील तर हे गुणोत्तर दोनवर येते. लहानमोठे कण मिसळलेले असतील तर कितीही धुतले तरी शिसे आणि दगड एकत्रच बसणार. म्हणून आधी सगळे कण सारख्या मापाचे करायचे आणि मगच धुवायचे. आपल्या घरातली कोणतीही जाणती बाई धान्य आधी चाळते आणि मग पाखडते, त्यामागे हेच तत्त्व आहे.

लॉरिऑनच्या लोकांना हे तत्त्व कामातून कळले होते याची साक्ष त्यांच्या शब्दातच आहे. डेमोस्थेनिसने इसवी सनापूर्वी ३४६ च्या सुमारास मारोनियातल्या एका कारखान्याच्या खटल्यासाठी भाषण लिहिले. त्यात कारखान्याच्या एका भागाला ‘केंख्रेओन’ म्हटले आहे. ‘केंख्रोस’ म्हणजे वरी-राळ्यासारखे बारीक धान्य. खनिज धान्याच्या दाण्याएवढे करण्याची जागा, तिचे नाव दाण्यावरून पडलेले. माप इतके ठरीव होते की ते जागेचे नावच झाले.

या मापापर्यंत पोचण्याचा क्रमही विचारपूर्वक होता. आधी लोखंडी हातोड्याने कठीण दगडी पाटावर खनिज फोडायचे आणि निव्वळ दगड डोळ्यांनी निवडून टाकायचा. उरलेले, बाहेरून आणलेल्या कठीण ज्वालामुखीय दगडाच्या हातजात्यावर दळायचे, चाळायचे आणि चाळणीवर राहिलेले पुन्हा जात्यात घालायचे. एकदम का कुटायचे नाही? गॅलेना ठिसूळ असतो, ठोका बसला की घनाकार तुकड्यांत फुटत जातो. जोराने कुटला तर त्याचे पीठ होते आणि ते पीठ धुण्याच्या पाण्याबरोबर वाहून जाते. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्येही शिशाच्या खनिजासाठी यंत्राच्या मुसळांपेक्षा रूळ पसंत केले जात, ते याच कारणाने. पूर्वपक्ष ज्या मुसळयंत्राच्या अभावाला मागासपणा म्हणतो, ते यंत्र या खनिजासाठी सोयीचे नव्हतेच.

पाणचक्की नव्हती, कारण नदी नव्हती. ॲटिकात वर्षाला साधारण ४०० मिलिमीटर पाऊस, तोही बराचसा हिवाळ्यात. आपल्या माणदेशाची आठवण व्हावी अशी ही जमीन. तिथे खनिज धुण्याचा उद्योग उभा राहिला, हीच मुळात थक्क करणारी गोष्ट आहे. त्यासाठी टेकड्यांच्या उतारावर पावसाचे पाणी साठवणारे हौद खोदले गेले. हौद आणि ओटे गळू नयेत म्हणून चुन्याच्या गिलाव्यावर वेगळा पातळ थर दिलेला असे. कोनोफागोस यांना त्यात शिशाची ऑक्साइडे आढळली. धुण्याच्या ओट्याची रचना अशी: वरच्या बाजूला पाण्याची टाकी, तिच्या भिंतीत एका ओळीत लहान तोट्या, समोर किंचित उतरता ओटा, त्याच्यापुढे फेरा घेणारी पन्हळ, पन्हळीच्या कोपऱ्यांवर गाळ बसण्यासाठी खड्डे आणि मधोमध माल वाळवण्याची फरसबंदी. तोट्यांतून पाणी सारख्या दाबाने येई, जड कण वर राहत, हलके पुढे वाहत. पन्हळीतून फिरताना पाणी निवळे आणि निवळलेले पाणी उपसून पुन्हा टाकीत टाकले जाई.

धुण्याची क्रिया नेमकी कुठे होत असे, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. फ्रेंच संशोधक आर्दायों यांनी १८९७ मध्ये ती उतरत्या ओट्यावरच होते असे मानले, कोनोफागोस यांनी ओट्यावर ठेवलेल्या खाचांच्या लाकडी पन्हळी सुचवल्या. दोन्ही मतांत पाण्याचा फेरा मात्र तोच राहतो. एकच पाणी पुनःपुन्हा वापरायचे आणि ते वापरता वापरता स्वच्छ करायचे, ही रचना अडाणी माणसाच्या डोक्यातून निघत नाही.

जॉर्जियस अग्रिकोला यांचा खाणशास्त्रावरचा लॅटिन ग्रंथ १५५६ मध्ये निघाला. त्याचे आठवे पुस्तक खनिज तयार करण्यावर आहे. त्यात जर्मन डोंगरांतल्या ओढ्यांवर चालणारी मुसळे दिसतात, पण क्रम कोणता? निवडणे, फोडणे, चाळणे, उतरत्या फळीवर धुणे, गाळ बसवणे. इंग्लंडमधल्या डर्बीशायरच्या शिशाच्या खाणींवर चपट्या लोखंडी हातोड्याने खनिज फोडणे आणि पाण्याच्या पिंपात चाळणी हलवणे एकोणिसाव्या शतकापर्यंत चालू होते. दोन हजार वर्षे आणि तीन देश ओलांडूनही जो क्रम बदलला नाही, तो ओबडधोबड होता असे म्हणणे म्हणजे सुपाला ओबडधोबड म्हणण्यासारखे आहे.

फुकटचे हात?

चौथा मुद्दा गुलामगिरीचा. झेनोफनने उत्पन्नाविषयीच्या पुस्तिकेत सांगितले आहे की, सेनापती निकियास खाणकामासाठी हजार गुलाम रोज माणशी एक ओबोल दराने भाड्याने देत असे. एवढे वाचून थांबले की फुकटच्या हातांची कल्पना पक्की होते. पण सॉक्रेटिसविषयीच्या आठवणींत हाच झेनोफन गुलामांच्या किमती देतो: कोणी अर्ध्या मिनाचाही नसतो, कोणी दोन मिनांचा, कोणी पाचाचा, कोणी दहाचा, आणि निकियासने चांदीच्या खाणीच्या कारभाऱ्यासाठी एक संपूर्ण टॅलेंट मोजला असे म्हणतात. एक टॅलेंट म्हणजे साठ मिना, दोन मिनांच्या गुलामाच्या तीसपट. दुसऱ्या हिशेबाने, हजार गुलामांचे छत्तीस दिवसांचे भाडे. जिथे कौशल्याला मोल नाही, तिथे कोणी एका माणसासाठी एवढी रक्कम टाकत नाही.

आणखी एक साक्ष थ्युसिडिडीसची. इसवी सनापूर्वी ४१३ मध्ये स्पार्टाने डेकेलिया हे ठाणे घेतले आणि अथेन्सचे वीस हजारांहून अधिक गुलाम पळून गेले. त्यांतले बहुतेक हाताचे कारागीर होते, असे तो मुद्दाम नोंदवतो. हे सगळे लॉरिऑनचेच होते असे तो म्हणत नाही. पण गुलाम आणि कारागीर हे शब्द त्याच्या लेखी परस्परविरोधी नव्हते. ते आपण परस्परविरोधी करून ठेवले आहेत.

पूर्वपक्षात खरे काय आहे

पूर्वपक्षाचे दोन अंश मान्य करणे भाग आहे. पहिला असा की, पिठासारखा बारीक झालेला गॅलेना ओट्यावर पकडता येत नव्हता आणि तो वाया जात होता. फेसाची पद्धत येईपर्यंत जगात कुठेच हा तोटा पूर्ण थांबला नव्हता, पण तोटा होता हे खरे. दुसरा अंश याहून गंभीर. शेवटच्या पायरीत शिसे हजारेक अंशांच्या उष्णतेत हवेच्या झोताखाली ठेवत. त्याचे मुरदाडशिंग, म्हणजे शिशाचे ऑक्साइड, होऊन बाजूला जाई आणि मुशीत चांदी उरे. त्या धुरात माणसे उभी असत. मुरदाडशिंग आणि सफेता यांच्या विषबाधेची लक्षणे निकँडर या कवीने इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात वर्णिली. शिशाचे काम करणाऱ्यांचा वर्ण फिकट पडतो हे व्हिट्रुव्हियसने नोंदवले. लॉरिऑनच्या पद्धतीतले खरे अपयश इथे होते. तिने पाण्याचा थेंब वाचवला, माणसे वाचवली नाहीत.

पण ही मान्यता पूर्वपक्षाला तारत नाही. क्रौर्य आणि अकौशल्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्यवस्था क्रूर होती म्हणून ती चालवणारे हात अडाणी ठरत नाहीत. तसे ठरवले तर ज्यांचे स्वातंत्र्य हिरावले गेले त्यांचे ज्ञानही आपण हिरावून घेतो. याच्या उलट टोकाचे, ‘प्राचीनांना सगळेच ठाऊक होते’ हे मतही मला मान्य नाही. त्यांना घनतेचे आकडे ठाऊक नव्हते. दाणा सारखा केल्याशिवाय धुण्यात अर्थ नाही, पीठ केले तर माल जातो, पाणी निवळवले तर पुन्हा वापरता येते आणि चांदी धातुरूप शिशाबरोबरच राहते, एवढे मात्र पक्के ठाऊक होते. ते कोणा एका तत्त्वज्ञाने लिहून ठेवले नाही. हातातून हातात गेले. प्राचीन खनिजकर्माचा इतिहास लिहिताना राजे आणि नौका यांच्याआधी चाळणी, जाते आणि ओटा यांना जागा दिली पाहिजे, कारण निर्णय तिथे होत होते.

लॉरिऑनच्या परिसरात इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातला एक थडग्याचा दगड सापडला आहे. तो अटोटास नावाच्या माणसाचा आहे. हा काळ्या समुद्राकाठच्या पॅफ्लागोनियाचा, आपल्या मातीपासून दूर मेलेला. नावापुढे ‘खाणकामगार’ असा धंदा कोरला आहे. त्याखालच्या मजकुरात तो आपल्या कुळाचा अभिमान सांगतो आणि कौशल्यात आपली बरोबरी करणारा कोणी नव्हता, असे म्हणतो. स्ट्रॅबोने तीनशे वर्षांनी ज्यांना अडाणी ठरवले, त्यांच्यातल्या एकाची ही साक्ष आहे, आणि ती दगडात कोरलेली आहे.